एक आकडा, तीन कारणं: तेल-पाण्याच्या सीमेवरच्या थायोसायनेटचं प्रकरण

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला अज्ञात क्षार ओळखायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाची थायोसायनेटशी गाठ पडलेली असते. द्रावणात फेरिक आयन असला की पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब पडताच टेस्ट ट्यूब रक्तासारखी लाल होते, आपण जर्नलमध्ये ‘सी.टी. पॉझिटिव्ह’ लिहितो आणि पुढच्या गटाकडे वळतो. गंधक, कार्बन आणि नायट्रोजन हे तीन अणू एका सरळ रेषेत, त्यांच्यावर मिळून एक ऋणभार, एवढाच हा आयन. हे प्रकरण त्याचंच आहे. फक्त तो टेस्ट ट्यूबच्या पोटात काय करतो याच्याशी इथे कर्तव्य नाही. पाणी संपून तेल सुरू होतं त्या एक-दोन रेणूंच्या जाडीच्या पट्ट्यात तो किती जमतो आणि का जमतो, एवढंच बघायचं आहे.

प्रकरणाचा गाभा आधीच सांगून टाकतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रिचर्ड सेकॅली यांच्या गटाने थायोसायनेट पाण्याच्या वेगवेगळ्या सीमांवर जाऊन मोजला. सुरुवात हवा आणि पाण्यापासून झाली. २०१७ साली पाण्यालगत ग्राफीनचा, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनचा, पापुद्रा ठेवून मोजमाप झालं. २०२२ साली टोल्युईन-पाणी आणि डेकेन-पाणी या दोन द्रव-द्रव सीमांची पाळी आली (टोल्युईन आणि डेकेन ही इथली तेलं). चारही ठिकाणी आयनाला सीमेवर आणणारी गिब्ज मुक्त ऊर्जा (आयनाचा तिथे जाण्याकडे किती कल आहे त्याचं माप; जितकी उणे तितका कल जास्त) मोजमापात जेवढी चूक संभवते तेवढ्या मर्यादेत सारखीच निघाली. तिथे जाण्यामागची कारणं मात्र तीन तऱ्हांची निघाली. मला हे प्रकरण पुन्हापुन्हा वाचावंसं वाटतं ते या विसंगतीमुळे.

मीठ पृष्ठभागापासून लांब राहतं, असं आपण शिकलो

पाण्यात मीठ विरघळवलं की पृष्ठताण किंचित वाढतो. १९१० साली हायडवायलर यांनी बऱ्याच क्षारांसाठी हे पद्धतशीर मोजून ठेवलं होतं. पृष्ठताण वाढतो याचा ऊष्मागतिकी अर्थ सरळ आहे: पृष्ठभागावर आयन आतल्यापेक्षा कमी आहेत. १९३४ मध्ये ऑनसागर आणि समारस यांनी त्याला विद्युतस्थितिकीचं कारण दिलं. पाण्याचा विद्युत-अपार्यता स्थिरांक (माध्यम विद्युतक्षेत्र किती दुबळं करतं त्याचं माप) ७८ च्या आसपास, हवेचा १. अशा सीमेजवळ आलेल्या भाराला पलीकडे आपल्याच चिन्हाचा प्रतिमाभार दिसतो आणि तो मागे ढकलला जातो.

हा हिशेब तेलालाही तसाच लागू पडतो. टोल्युईनचा स्थिरांक सुमारे २.४ आणि डेकेनचा २. पाण्यातून पाहणाऱ्या आयनाला १ काय आणि २ काय, दोन्ही भिंतीच. त्यामुळे तेल म्हणजे जरा दाट हवा, हे गृहीतक पुष्कळ वर्षं बिनबोभाट चाललं.

कुरबूर मात्र जुनी होती. १८८८ साली प्रागमध्ये हॉफमाइस्टर यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकातली प्रथिनं वेगवेगळ्या क्षारांनी साकवून पाहिली आणि आयनांची एक रांग लावली. त्या रांगेच्या एका टोकाला थायोसायनेट बसतो. प्रथिनाला साकू न देणारा, विरघळलेलं ठेवणारा. भार तोच, एक ऋण, तरी क्लोराइडपेक्षा वागणूक निराळी. भिंतीपासून सगळे सारखेच पळत असतील तर ही रांग लागलीच नसती. १९३० च्या दशकात जोन्स आणि रे यांना अगदी विरल द्रावणांत पृष्ठताण वाढण्याऐवजी किंचित घटलेला दिसला, तेव्हा उपकरणाचाच दोष म्हणून तो बाजूला सारला गेला. मग २००१ मध्ये पावेल युंगविर्थ आणि डग्लस टोबायस यांची सिम्युलेशनं आली. आयोडाइड, ब्रोमाइड यांसारखे मोठे, सहज ध्रुवण होणारे आयन पृष्ठभागावर चक्क जमतात, असं त्यांत दिसलं. (युंगविर्थही प्रागचेच. हॉफमाइस्टरच्या गावाने शंभरहून अधिक वर्षांनी हा प्रश्न पुन्हा हातात घेतला.)

वादाचा निकाल लावायचा तर पृष्ठभागावरचे आयन थेट मोजायला हवेत. अडचण अशी की सीमेवरच्या एका आयनामागे आत कोट्यवधी असतात, आणि साधा वर्णपट सगळ्यांना एकाच मापाने मोजतो.

प्रकाशाची रस्सीखेच

१९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेझरची ६९४ नॅनोमीटरची लाल झोत क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवली. बाहेर पडलेल्या प्रकाशात ३४७ नॅनोमीटरचा, म्हणजे बरोबर दुप्पट वारंवारतेचा, अतिनील अंश सापडला. फोटोग्राफिक प्लेटवर तो ठिपका इतका फिका होता की छापताना कुणीतरी तो डाग समजून पुसला. फिजिकल रिव्ह्यू लेटर्समधल्या त्या चित्रात बाण आहे, बाणाच्या टोकाशी काही नाही. अरेषीय प्रकाशिकीचा जन्म असा कोऱ्या जागेकडे बोट दाखवत झाला.

दोन फोटॉन एकत्र येऊन दुप्पट ऊर्जेचा एक फोटॉन तयार होणं, म्हणजे सेकंड हार्मोनिक जनरेशन, थोडक्यात एसएचजी. दोन वेगळ्या रंगांचे फोटॉन जोडले गेले तर सम-फ्रीक्वेन्सी (वारंवारतांच्या बेरजेचं) जनरेशन, एसएफजी. द्रवांच्या अभ्यासात यांचं मोल एका नकारामुळे आहे. केंद्र-सममिती असलेल्या माध्यमात या दोन्ही प्रक्रिया घडतच नाहीत, निदान पहिल्या हिशेबात. पाण्याच्या आत एक रेणू वर तोंड करून असेल तर दुसरा कुठला तरी खाली तोंड करून असतोच. दोघांनी निर्माण केलेल्या दुप्पट वारंवारतेच्या लहरी एकमेकींना मारतात. गावच्या जत्रेतली रस्सीखेच आठवा: दोन्हीकडे सारखेच गडी असतील तर सगळे घामाघूम होतात, पण दोरी जागची हलत नाही. सीमेवर मात्र वरच्या बाजूला एक जग असतं आणि खाली दुसरं. तिथे दोरी हलते. जो संकेत आपल्या हाती येतो तो फक्त त्या एक-दोन थरांतून आलेला असतो. खालचे कोट्यवधी आयन गप्प असतात.

हे द्रव-द्रव सीमेलाही लागू आहे, हे १९८८ मध्येच बर्कलीच्या युएन-रॉन शेन यांच्या गटाने दाखवलं होतं. एसएचजीने त्यांनी तेल-पाण्याच्या मधल्या पृष्ठसक्रिय (साबणासारख्या, सीमेवर जाऊन बसणाऱ्या) रेणूंचा कल मोजला. पुढे ओरेगनच्या जेराल्डिन रिचमंड यांनी एसएफजीने पाण्याचेच कंपन-वर्णपट घेतले आणि २००१ मध्ये कार्बन टेट्राक्लोराइड-पाणी सीमेवर एक बारीक पण बोलकी गोष्ट दाखवली. पाण्याच्या रेणूचा जो ओ-एच बंध कुणाशीही हात न मिळवता सीमेपलीकडे डोकावतो, तो हवेत ३७०५ सेमी⁻¹ च्या आसपास कंप पावतो. तेलात डोकावताना तो ३६७० च्या जवळ उतरतो. पस्तीसेक एककांची ही घसरण म्हणजे तेलाने त्याला हलकासा धरल्याची खूण. तेल म्हणजे दाट हवा, या गृहीतकाला पहिला तडा इथे गेला असं मी मानतो. आयनांच्या हिशेबात तो तडा उमटायला मात्र आणखी वीस वर्षं गेली.

थायोसायनेटच का

सोडियम आयन गोल आहे आणि आपल्याला वापरता येईल अशा अतिनील पट्ट्यात त्याचं शोषण नाही. तो या प्रकाशाला दिसत नाही. थायोसायनेट दिसतो, कारण २०० नॅनोमीटरच्या आसपास त्याचं चार्ज-ट्रान्सफर-टू-सॉल्व्हंट नावाचं जोरदार शोषण आहे. इलेक्ट्रॉन आयनाला सोडून भोवतालच्या पाण्याच्या रेणूंनी मिळून बनवलेल्या पोकळीत जातो. बाहेरची पातळी आयनाच्या मालकीची नाही, शेजाऱ्यांची आहे. शेजारी बदलले तर या शोषणाची जागाही हलायला हवी. म्हणजे एकाच मोजमापात दोन प्रश्न विचारता येतात: किती आयन आहेत, आणि त्यांच्याभोवती पाणी कसं आहे.

साधारण ४०० नॅनोमीटरची फेम्टोसेकंद झोत सीमेवर टाकली की दुप्पट वारंवारतेचा २०० नॅनोमीटरचा फोटॉन नेमका या शोषणावर बसतो आणि आयनांचा संकेत पाण्याच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. सेकॅली गटाने पुढे एसएफजीची अशी मांडणी वापरली की एकाच दमात खोल अतिनील पट्ट्याचा सलग वर्णपट मिळतो.

हवा-पाणी सीमेवर हे तुलनेने सोपं आहे, परावर्तित झोत हवेतून निघून येते. द्रव-द्रव सीमा पुरलेली असते. तिच्यापर्यंत जायला आणि तिथून परतायला कुठल्या तरी द्रवातून वाट काढावी लागते. टोल्युईन २८५ नॅनोमीटरच्या खाली प्रकाशाला जवळजवळ वाटच देत नाही, त्याचं बेन्झीनचं कडं सगळं गिळून टाकतं. पाण्याच्या बाजूने यावं तर तिथे थायोसायनेटच दाटीने बसलेला, आणि तोही २०० नॅनोमीटर शोषतो. डेकेन सरळ साखळीचा, कडं नसलेला हायड्रोकार्बन, त्यामुळे अतिनीलात बराच पारदर्शक. ज्याने सेपरेटिंग फनेलमध्ये दोन थर हलवून चावी फिरवली आहे त्याला सीमा म्हणजे डोळ्यांना दिसणारी एक स्वच्छ रेघ वाटते. लेझरच्या नजरेतून तीच रेघ दोन अपारदर्शक पडद्यांमध्ये अडकलेली असते, वर थरथरणारी, आणि काचेवरच्या बोटाच्या ठशातल्या तेलकटपणानेही बिघडणारी. पृष्ठसक्रिय मळ सीमेवरच जाऊन बसतो. तिथे तो आयनांच्या आधी पोचलेला असतो.

तेलं दोन का घेतली, तेही यात येतं. टोल्युईनच्या कड्यावरचा पाय-इलेक्ट्रॉनांचा ढग पाण्याच्या ओ-एचशी दुबळा हायड्रोजन बंध करू शकतो, डेकेनकडे तसलं काही नाही. एक अंगात थोडी ओढ असलेलं तेल, दुसरं अगदी अलिप्त.

आलेख आणि त्यातला आकडा

मोजमापाचा मूळ आलेख साधा असतो: आडव्या अक्षावर पाण्यातल्या थायोसायनेटची संहती, उभ्या अक्षावर संकेताची तीव्रता. वळण साधं नसतं. तीव्रता ही संवेदकतेच्या (सीमा प्रकाशाला किती प्रतिसाद देते त्याच्या) वर्गाच्या प्रमाणात असते, आणि संवेदकतेत दोन वाटे असतात. एक पाण्याचा, संहतीने न बदलणारा. दुसरा सीमेवरच्या आयनांचा, त्यांच्या संख्येबरोबर वाढणारा. आयनाच्या वाट्यालाही वास्तव आणि काल्पनिक असे दोन घटक असतात, कारण आपण शोषणाच्या ऐन शिखरावर मोजतो आहोत. पाण्याचा वाटा आणि आयनाचा वास्तव वाटा आधी बेरजेत मिसळतात, मग वर्ग होतो, मग काल्पनिक वाट्याचा वर्ग वेगळा मिळवला जातो. चिन्हं उलटी असतील तर मीठ वाढवताना संकेत आधी कमीसुद्धा होऊ शकतो. पहिल्यांदा असा आलेख पाहणाऱ्याला वाटतं की नमुना बिघडला.

सीमेवरची संख्या लँगम्यूर प्रतिमानातून येते: सीमेवर ठरावीक जागा आहेत, तिथे पाणी किंवा आयन बसतो, आणि अदलाबदलीची किंमत म्हणजे गिब्ज मुक्त ऊर्जा. हवा-पाणी सीमेसाठी २००५ साली पूल पीटरसन, सेकॅली आणि युंगविर्थ यांनी सहकाऱ्यांसह दिलेला थायोसायनेटचा आकडा होता मोलमागे उणे १.८० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे उणे साडेसात किलोज्यूल.

हा आकडा हातात घेऊन जरा वजन बघू. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा, म्हणजे आरटी, मोलमागे सुमारे २.५ किलोज्यूल. साडेसात म्हणजे तिच्या तिप्पट. घातांकात घातलं तर सीमेवरच्या एखाद्या जागेला पाण्यापेक्षा थायोसायनेट सुमारे वीसपट आवडतो. ऐकायला मोठं वाटतं. पण एक लिटर पाण्यात पाण्याचेच साडेपंचावन्न मोल असतात, त्यामुळे निम्म्या जागा भरायला अडीच-पावणेतीन मोलर द्रावण लागतं. सोडियम थायोसायनेट घेतलं तर लिटरमागे दोनशे ग्रॅमहून अधिक. आयन पृष्ठभागावर ‘जमतो’ म्हणताना हे प्रमाण डोळ्यांसमोर असलेलं बरं. साबणाचा रेणू हजारपट कमी संहतीला तेच करून दाखवतो.

इतक्या दाट द्रावणाचा एक फायदाही आहे. सीमेवर भार जमला की त्याचं विद्युतक्षेत्र आतल्या पाण्याच्या रेणूंना वळवतं, आणि मग ते आतले रेणूही संकेतात घुसखोरी करतात. केनेथ आइझेंथल यांच्या कोलंबियातल्या गटाने १९९० च्या दशकात याच घुसखोरीचा उपयोग करून सिलिका-पाणी सीमेवरचा विभव मोजला. मिलिमोलर द्रावणात हे क्षेत्र दहाएक नॅनोमीटर आत शिरतं. अडीच-पावणेतीन मोलरला हे आत शिरण्याचं अंतर, म्हणजे डिबाय लांबी, ०.२ नॅनोमीटरच्याही खाली जाते, पाण्याच्या एका रेणूपेक्षा कमी. घुसखोरीला जागाच उरत नाही.

आता २०२२ चा निकाल. शेन डेव्हलिन, इलान बेंजामिन आणि सेकॅली यांनी प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये लिहिलं की टोल्युईन-पाणी आणि डेकेन-पाणी या दोन्ही सीमांवर अधिशोषणाची (सीमेवर जमण्याची) मुक्त ऊर्जा हवा-पाण्याच्या आकड्याशी चुकीच्या मर्यादेत जुळते. शोषणाची जागाही हललेली नाही. म्हणजे शेजारच्या पाण्याचा जो घोळका इलेक्ट्रॉन झेलतो, त्याला पलीकडे तेल आहे याचा फारसा पत्ता नाही.

इथे थांबलं असतं तर शोधनिबंध कंटाळवाणा झाला असता: तेल म्हणजे दाट हवा, सिद्ध झालं, घरी चला.

तीन वाटा, एकच मुक्काम

मुक्त ऊर्जा ही शिल्लक आहे. जमाखर्च तिच्यात दिसत नाही. एन्थाल्पी (व्यवहारात किती उष्णता सुटते किंवा लागते) आणि तापमानाने गुणलेली एन्ट्रॉपी (रेणूंच्या मांडणीच्या शक्यतांचं माप) यांच्या वजाबाकीतून ती उरते. महिनाअखेरीला दोन घरांच्या पासबुकात सारखीच रक्कम दिसली म्हणून दोघांचा पगार सारखा ठरत नाही.

हवा-पाण्याचा जमाखर्च २०१२ मध्ये लागला. डेल ऑटन, पॅट्रिक शॅफर, फिलिप गाइसलर आणि सेकॅली यांनी वेगवेगळ्या तापमानांना मोजलं आणि जोडीला सिम्युलेशन केलं. एन्थाल्पी आयनाच्या बाजूने निघाली, एन्ट्रॉपी विरोधात. त्यांचं स्पष्टीकरण असं: पृष्ठभागावरचं पाणी मुळातच नाराज असतं, त्याचे काही हात रिकामे असतात. आयन तिथे गेला की तिथलं काही पाणी आणि आयनाभोवतीचं ढिलं पाणी आत जातं, तिथे त्याला पुरेसे हायड्रोजन बंध मिळतात, ऊर्जा सुटते. त्याची किंमत म्हणजे पृष्ठभागाची थरथर. पाण्याच्या पृष्ठभागावर सतत सूक्ष्म कॅपिलरी लाटा असतात, आयन तिथे खिळला की त्या दबतात, आणि शक्यतांची संख्या घटते. आयनाचे स्वतःचे गुण यात दुय्यम, खरा व्यवहार पाण्याच्या रेणूंची जागा बदलण्यात.

ग्राफीनला हेच लावून पाहिलं तर बसेना. २०१७ च्या अभ्यासात तिथेही एन्थाल्पीच ओढणारी होती, पण तिचा उगम वेगळा: आयन आणि ग्राफीन यांच्यातली थेट ओढ. घट्ट पापुद्र्याने कॅपिलरी लाटा आधीच दाबून टाकलेल्या असतात, त्यामुळे तो खर्च उरत नाही. आयनाला हवं तसं फिरता न येणं हा एन्ट्रॉपीचा मुख्य भाग होतो.

तेलाच्या सीमांवर तिसराच जमाखर्च. बेंजामिन हे द्रव-द्रव सीमांच्या सिम्युलेशनमधलं जुनं नाव. टोल्युईन आणि डेकेन दोन्हींसाठी हिशेब असा निघाला की एन्थाल्पीचा वाटा नगण्य आहे आणि सगळी ओढ एन्ट्रॉपी वाढल्यामुळे आहे. हवेच्या बाबतीत जी एन्ट्रॉपी पायात खोडा घालत होती, तीच इथे गाडी ओढते.

मला यात एक गोष्ट फार सूचक वाटते. हवा-पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे ७२ मिलीन्यूटन. डेकेन-पाण्याचा ५२ च्या आसपास, टोल्युईन-पाण्याचा ३६. सीमेवरच्या पाण्याची नाराजी मोजायचं हे सगळ्यात जुनं माप, आणि टोल्युईनपाशी ती हवेच्या निम्मीच आहे. नाराज पाण्याची सुटका हेच सगळीकडे इंजिन असतं तर टोल्युईनच्या सीमेवर आयनाचा ओढा बराच कमी दिसायला हवा होता. दिसला नाही. म्हणजे जिथे पाण्याची नाराजी कमी, तिथे दुसऱ्या कुणीतरी भार उचललेला आहे. एन्ट्रॉपीचं उत्तर या रिकाम्या जागेत बसतं. अर्थात हे माझं जोडकाम आहे, निबंधातला पुरावा सिम्युलेशनचा आहे.

जिथे हा आयन पोटापाण्याला लागतो

थायोसायनेट आणि तेल-पाणी ही जोडी प्रयोगशाळेतली लहर नाही. झिर्कोनियम आणि हाफ्नियम हे दोन जुळे धातू खनिजात एकत्र सापडतात. अणुभट्टीच्या इंधन-नळ्यांना झिर्कोनियम हवं, कारण ते न्यूट्रॉन जवळजवळ खात नाही, आणि हाफ्नियम नको, कारण ते अधाशासारखं खातं. अमेरिकेत ही जुळी फोडण्याची जुनी औद्योगिक रीत अशी की पाण्यात थायोसायनेट घालायचं आणि ते द्रावण मिथिल आयसोब्युटिल किटोनबरोबर घुसळायचं. थायोसायनेटशी गट्टी करून हाफ्नियम आधी किटोनमध्ये उडी मारतं. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सने ट्रायब्युटिल फॉस्फेटची वेगळी वाट घेतली. ट्रायब्युटिल फॉस्फेटच वापरलेल्या इंधनातून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं करायला मुंबईच्या तुर्भ्यात (ट्रॉम्बे) १९६४ पासून आणि नंतर तारापूरलाही कामाला लागलं. या सगळ्या कारखानदारीत प्रत्येक आयनाला ती एक-दोन रेणूंची सीमा ओलांडावी लागते. ओलांडण्याचा वेग सीमेवर कोण गर्दी करून बसलंय यावर ठरतो, आणि तिथे आजवर बहुतेक काम अनुभवाच्या जोरावर चाललं आहे.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पाण्याच्या सीमेवरचे आयन एसएफजीच्याच हेटरोडाइन प्रकाराने अभ्यासले जातात, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगण्यासारखं. त्या प्रकारात संकेताची फक्त तीव्रता नाही, कलाही (लहरीची फेज) मिळते. वर सांगितलेला वास्तव-काल्पनिक वाट्यांचा गुंता मग जुळणीने सोडवावा लागत नाही, थेट वाचता येतो.

माझी शंका

निबंधाशी माझं भांडण नाही, पण त्यातली एक सांधेजोड उघडी आहे आणि ती तशीच दाखवली पाहिजे. द्रव-द्रव सीमेवर प्रकाशाने मोजली ती मुक्त ऊर्जा. एन्ट्रॉपीचं कारण सिम्युलेशनने सांगितलं. दोन्हींचा मुक्काम जुळतो म्हणून वाट खरी, असा युक्तिवाद आहे. पण एकाच मुक्कामाला तीन वाटा जातात हा तर या प्रकरणाचाच निष्कर्ष. मग मुक्काम जुळणं हा वाटेचा पुरावा कसा?

दुसरं, ‘चुकीच्या मर्यादेत सारखं’ या शब्दांत किती मावतं तेही पाहायला हवं. मुक्त ऊर्जेतली एका किलोज्यूलची चूक छोटी दिसते. घातांकात घातली की ती समतोलाच्या स्थिरांकात दीडपट फरक होते. चार सीमा सारख्या आहेत म्हणताना आपण खरं तर म्हणतो की त्यांच्यात दीडपटीपर्यंतचा फरक असला तरी आपल्याला दिसणार नाही.

वाटेचा थेट पुरावा म्हणजे २०१२ प्रमाणे तापमान बदलून मोजणं. इथे दोन स्पष्टीकरणं एकमेकांविरुद्ध भाकीत करतात, आणि असं नशीब फार वेळा लाभत नाही. हवेचं खरं असेल तर पाणी तापवल्यावर आयनाचा ओढा कमी व्हायला हवा. तेलाचं खरं असेल तर मुक्त ऊर्जा आणखी उणे व्हायला हवी. किती? एन्थाल्पी शून्य धरली आणि साडेसात किलोज्यूल सगळे एन्ट्रॉपीचे मानले, तर एन्ट्रॉपी येते केल्विनमागे सुमारे २५ ज्यूल. टोल्युईन-पाण्याची बाटली वीस अंशांवरून पन्नास अंशांवर नेली, तर तीस गुणिले पंचवीस, साडेसातशे ज्यूल. पाऊण किलोज्यूल.

म्हणजे आत्ताच्या चुकीच्या पट्टीच्या आतच. त्यात पन्नास अंशांना टोल्युईनची वाफ खिडकीवर धरते, सीमा जास्त थरथरते, आणि कुठून तरी आलेला मळ वीस अंशांना जिथे नव्हता तिथे येऊन बसतो.